उतरायचे राहून गेलेले गाव

मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान आयुष्यभर ये-जा केलेल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला लोणावळ्याविषयी विचारावे. तो चिक्कीविषयी सांगेल, पावसात खिडकीतून दिसणाऱ्या धबधब्यांविषयी सांगेल, घाट चढून आल्यावर अंगाला लागणाऱ्या गार वाऱ्याविषयी सांगेल. ‘पण आपण तिथे राहिला होतात का?’ असे विचारले, तर बहुधा तो थोडा थबकतो. ज्या गावावरून आपण शेकडो वेळा गेलो, तेथे एक रात्रही मुक्काम केला नाही, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात येते.

माझ्या सासूबाईंचे असेच झाले होते. त्यांचे माहेर पुण्यातील कसबा पेठेत, सासर परळला. सासरे गिरणीत कामाला होते. दिवाळी, माहेरची लग्नकार्ये, दोन बाळंतपणे, आईवडिलांची आजारपणे या सगळ्यांसाठी त्या या मार्गाने गेल्या आणि आल्या. लोणावळे आले की सासरे फलाटावर उतरून चिक्कीचा पुडा घेत आणि सासूबाई मुलांना सांभाळत डब्यातच बसून राहत. ‘पुढच्या खेपेला उतरू’, असे सासरे दर वेळी म्हणत. ती पुढची खेप आलीच नाही. सासरे गेले, मुले मोठी झाली, आम्ही ठाण्याला राहायला आलो आणि सासूबाईंनी ऐंशी ओलांडली.

आणि मग त्या पडल्या.

भीतीचा मुक्काम

न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. तीन महिन्यांनी त्या वॉकर घेऊन घरात फिरू लागल्या, सहा महिन्यांनी काठीवर आल्या. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू बाहेर न्या. परंतु आम्ही त्यांना बाहेर नेले नाही. खरे सांगायचे तर मी नेले नाही. त्या दिवशी सकाळी कपडे भिजवून झाल्यावर न्हाणीघर पुसायचे माझ्याकडून राहिले होते. याविषयी घरात कोणी कधी एक शब्द काढला नाही, सासूबाईंनी तर नाहीच नाही. परंतु त्यांची काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला की माझ्या काळजाचा ठोका चुके. ‘आई, बसा. मी आणून देते’, हे वाक्य मी दिवसातून किती वेळा उच्चारत असे, याची गणती नाही. चौदा महिन्यांत त्या दवाखान्याखेरीज कोठेही गेल्या नव्हत्या.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या अनेक घरांत हे घडते. पडलेल्या माणसाच्या मनात पुन्हा पडण्याची भीती बसते आणि ती त्याच्याहून अधिक खोलवर त्याला सांभाळणाऱ्याच्या मनात बसते. भीतीमुळे हालचाल कमी होते. हालचाल कमी झाली की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याला आपण भीत असतो त्याची शक्यता वाढते. हे चक्र फिजिओथेरपिस्टने आम्हाला कागदावर काढून दाखवले होते. मी मान डोलावली होती आणि घरी येऊन पुन्हा ‘आई, बसा’ म्हटले होते.

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, “मला एकदा लोणावळ्याला उतरायचंय. चारचाकीनं नको. गाडीतून उतरायचंय.”

गाडी म्हणजे त्यांच्या लेखी आगगाडी. आणि त्यांचा आग्रह उतरण्याचाच होता. नेमकी तीच गोष्ट मला सर्वांत अवघड वाटत होती.

दोन-तीन मिनिटांची तयारी

लोणावळ्याला गाडी थांबते ती जेमतेम दोन-तीन मिनिटे. डब्याची पायरी आणि फलाट यांत अंतर असते, उंचीत फरक असतो, चढणाऱ्यांची घाई असते. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईने तेवढ्या वेळात उतरायचे कसे? फिजिओथेरपिस्टने मात्र ही अडचण व्यायामाची संधी मानली. तिने घरातला लाकडी पाट मागवला. तो भिंतीशी घट्ट टेकवून त्यावर चढण्याचा आणि उतरण्याचा सराव तिने तीन आठवडे करून घेतला. नियम साधा आहे आणि तो प्रत्येक शुश्रूषकाने पाठ करावा असा आहे: चढताना सबळ पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. काठी नेहमी दुबळ्या पायाच्या सोबतीने आणि सबळ बाजूच्या हातात. सासूबाईंनी तो नियम ओवीसारखा घोळवला. स्वयंपाकघरातून मला ऐकू येई, “उतरताना उजवा… उतरताना उजवा…”

दुसरी तयारी औषधांची. आमच्या डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी आपल्या मनाने बंद करायची नाही. वेळ बदलायची असेल तर विचारून बदलायची. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पिणे कमी करायचे नाही, कारण त्याने वृद्धांना लवकर शोष पडतो, चक्कर येते आणि गोंधळल्यासारखे होते. मधुमेहाची गोळी घेतल्यावर जेवण लांबवायचे नाही. आणि घाटात मळमळेल म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणून द्यायची नाही. त्यांतील काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, लघवी अडते, क्वचित भ्रम होतो. त्यापेक्षा हलका नाश्ता, गाडीच्या दिशेने तोंड करून बसणे, दूरच्या डोंगरावर नजर ठेवणे आणि तोंडात आल्याची चकती एवढे बहुतेकांना पुरते.

दिवस आम्ही मंगळवार निवडला. शनिवार-रविवारी आणि भर पावसाळ्यात लोणावळ्याच्या रस्त्यांवर जी गर्दी उसळते, तीत वृद्ध माणसाला नेणे म्हणजे त्याला वाहनात कोंडून ठेवणे होय. कार्तिकातला मंगळवार मात्र शांत असतो. पाऊस सरलेला, शेवाळ वाळलेले, डोंगरावरचे गवत अजून पुरते पिवळे न पडलेले आणि मावळात भाताची कापणी सुरू झालेली.

घाट

सकाळच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने निघालो. दाराजवळच्या टोकाच्या जागा मुद्दाम मागून घेतल्या होत्या. कर्जतला गाडी थांबली आणि मागे जादा इंजिने जोडली गेली, तसा सासूबाईंचा चेहरा उजळला. “आता ढकलगाडी”, त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलांनी लहानपणी ठेवलेले ते नाव होते.

कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढते. काही ठिकाणी चढ इतका तीव्र की दर ३७ मीटरांमागे एक मीटर उंची वाढते. म्हणूनच मागून रेटा देणारी इंजिने लागतात. हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तो बांधताना अपघातांनी आणि रोगराईने हजारो मजूर दगावले. बोगद्यामागून बोगदा येतो आणि प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी क्षणभर दरी उघडते. एवढ्या झपाट्याने उंची वाढली की कानात दडे बसतात. घोटभर पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा, म्हणजे ते सुटतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना बोगद्यातील घणघणाट त्रासदायक होतो. तेवढा वेळ यंत्राचा आवाज कमी करून ठेवावा. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर ही लोणावळ्याची उंची श्वासाच्या दृष्टीने काळजीची नव्हे. तेथील गारवा आणि ओलसरपणा यांची मात्र दमेकऱ्यांनी आणि सांधेदुखी असलेल्यांनी दखल घ्यावी.

खंडाळा मागे पडले आणि माझे हात गार झाले. ठरल्याप्रमाणे गाडी पूर्ण थांबेपर्यंत सासूबाई जागेवरून उठल्या नाहीत. यजमान आधी खाली उतरले. मी पाठीमागे उभी राहिले. दारातून चढू पाहणाऱ्या दोन तरुणांना यजमान म्हणाले, “बाबांनो, एक मिनिट. आजीला उतरू द्या.” ती मुले नुसती थांबली नाहीत, त्यांनी दोन्ही बाजूंनी गर्दी अडवून धरली. सासूबाईंनी दांडा धरला, काठी मला दिली आणि मोठ्याने म्हणाल्या, “उतरताना उजवा.” मग डावा. मग दोन्ही पाय लोणावळ्याच्या फलाटावर.

गाडी सुटली तरी त्या तिथेच उभ्या होत्या. ज्या डब्यातून त्या आयुष्यभर हे गाव पाहत आल्या, तो डबा त्यांच्यासमोरून निघून गेला आणि त्या पहिल्यांदा मागे राहिल्या. “बघ, गेली”, एवढेच त्या म्हणाल्या.

थांब्याचे गाव

लोणावळ्याविषयी आणि मावळाविषयी एक गोष्ट आपण विसरतो. हा प्रदेश थांबण्यासाठी आहे, हे माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच कळले होते. कोकणातील कल्याण, सोपारा या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा व्यापारी मार्ग बोरघाटातून जात असे. घाट चढून दमलेल्या तांड्यांना विसावा हवा असे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच वाटेच्या आसपास कोरली गेली आहेत, हा योगायोग नव्हे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले मानले जाते. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत भव्य आहे. त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही मूळच्याच आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे आणि धेनुकाकट येथील यवन, म्हणजे परदेशी मूळ असलेले रहिवासीही आहेत. वाटेवरच्या थांब्याला त्यांनी आपल्या कमाईतला वाटा दिला होता.

पुढे या वाटेवरून सैन्ये गेली. १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडीत पकडले. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी वडगावला अडवून तह करायला लावले. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मावळच्या लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ झाला. मग आगगाडी आली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि बहुतेक वाहने गावात न शिरताच पुढे जाऊ लागली. थांबणे म्हणजे वेळ वाया घालवणे, अशी आता आपली समजूत झाली आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात एक शब्द असे: हवापालट. दुखणे उतरल्यावर वैद्य हवापालट सांगत. त्यात औषधापेक्षा विश्रांतीचा, बदललेल्या दिनक्रमाचा आणि मन रमण्याचा भाग मोठा असावा. त्याने मोडलेले हाड जुळत नाही हे खरे. परंतु घराच्या चार भिंतींत दबलेली उमेद पुन्हा डोके वर काढते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

पहिला दिवस: सपाट वाटा

लोणावळा म्हटले की उंच पॉइंट, धबधबे आणि निसरड्या वाटा आठवतात. वृद्धांसाठी दुसरे लोणावळे आहे आणि ते सपाट आहे. बाजारपेठेपासून जवळच असलेल्या रायवूड उद्यानात जुनी, प्रचंड वाढलेली झाडे आहेत. त्यांच्या सावलीत सासूबाई प्रथम पन्नास पावले चालल्या, बसल्या, पुन्हा सत्तर पावले चालल्या. मी सवयीने ‘आई, बसा’ म्हणायला तोंड उघडले आणि यजमानांनी माझ्याकडे नुसते पाहिले. मी गप्प राहिले. चालणाऱ्याच्या दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे चालावे. दंड ओढू नये. त्याला आपला आधार हवा असेल तेव्हा घेता यावा, एवढ्या अंतरावर असावे, हे मला शिकवले होते. त्या दिवशी मी ते प्रथमच केले.

दुपारी जेवून त्यांनी तासभर झोप घेतली. वृद्धांच्या सहलीत दुपारची विश्रांती ही सहलीतली सुटी समजू नये, तो सहलीचाच भाग मानावा. दिवसाला एकच ठिकाण सकाळी आणि एकच संध्याकाळी, याहून अधिक ठरवू नये.

संध्याकाळी वळवणच्या जलाशयाकाठी गेलो. येथील जलाशयांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. यजमानांनी हे सांगितले तेव्हा सासूबाई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. “म्हणजे ह्यांचं साचं ह्या पाण्यावर चालायचं”, त्या म्हणाल्या. “आणि आम्ही वरून नुसते जात होतो.”

श्वासाचे गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी कैवल्यधामच्या दिशेने फेरफटका मारला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रियांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे उपकरणांनी मोजून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि प्रयोगांचे निष्कर्ष त्यात प्रसिद्ध होऊ लागले. चमत्काराऐवजी मोजमापावर विश्वास ठेवणारी ही परंपरा वृद्धांच्या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण तिच्यातूनच कोणासाठी काय योग्य आणि काय अयोग्य हे विचारण्याची सवय लागते.

ती सवय घरीही ठेवावी. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरण्याचे प्राणायाम करू नयेत. दीर्घ, संथ श्वसन पुरेसे आहे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून पुढे वाकण्याची व पाठ पिळण्याची आसने तज्ज्ञांना विचारल्यावाचून करू नयेत. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली व पाय वर अशा स्थिती टाळाव्यात. खुर्चीत बसून घोटे फिरवणे, पाय सरळ करून पाच आकडे मोजणे, खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे, इतके साधे व्यायामही नियमाने केले तर तोल सुधारण्यास मदत होते. सासूबाईंनी ते निवासाच्या व्हरांड्यात, समोरच्या डोंगराकडे तोंड करून केले. घरी त्यासाठी मला त्यांच्या मागे लागावे लागे.

पायथ्याशी

त्यानंतर गाडी ठरवून कार्ल्याकडे निघालो. एकवीरा आई ही अनेक कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांची कुलदेवता. तिचे देऊळ लेण्याच्या दाराशीच आहे आणि तेथे पोहोचायला शेकडो पायऱ्या आहेत. भाज्यालाही पायऱ्या आहेत, बेडशाला आहेत. सासूबाईंनी पायथ्याशी गाडीतून उतरून वर पाहिले. मला वाटले, आता त्या हट्ट धरतील आणि मला ‘नाही’ म्हणावे लागेल.

त्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि तेथूनच नमस्कार केला. “तुम्ही दोघं जाऊन या. माझं दर्शन झालं”, त्या म्हणाल्या.

यजमान वर गेले. मी त्यांच्याजवळ थांबले. चहाच्या टपरीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आम्ही दोघी बसलो होतो. वर चढणाऱ्या माणसांकडे पाहत त्या सहज म्हणाल्या, “अगं, फरशी ओली होती हे मला दिसलं होतं.”

मला काय बोलावे सुचेना.

“मला दिसलं होतं, आणि मी म्हटलं, जाईन हळूच. मी पडले ती माझ्या पायानं पडले. त्याची शिक्षा तू भोगतेयस. वर्ष झालं बघतेय मी.”

चहा गार झाला. मी चौदा महिने जे बोलले नव्हते ते तेव्हा बोलले, आणि बोलताना रडलेही. त्यांनी ऐकून घेतले, मग पदराने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मला कुठे चढायचं नाही ते कळतं. पण कुठे उतरायचं ते मला ठरवू दे.”

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य सांगू इच्छिते. धोका शून्यावर आणणे कोणालाच जमत नाही. धोका समजून घेणे, कमी करणे आणि उरलेल्याविषयी त्या माणसाचे मत विचारणे, एवढेच आपल्या हाती असते. ज्याची बुद्धी शाबूत आहे अशा वृद्धाला न विचारता सुरक्षित ठेवणे हीदेखील एक प्रकारची कोंडीच आहे. आणि ज्याला विस्मरणाचा आजार आहे, त्यालाही छोट्या निवडी करता येतात: कोणते लुगडे नेसायचे, खिडकीशी बसायचे की आत.

एकाच नावाचे तीन

परतताना जुन्या महामार्गाने कामशेत, वडगाव करीत आलो. कामशेतजवळ इंद्रायणी दिसली. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुढे देहूला आणि आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. सासूबाईंनी आळंदीची इंद्रायणी अनेकदा पाहिली होती. येथे ती लहान होती, दोन्ही तीरांवर भाताची खाचरे होती आणि कापलेल्या पेंढ्या बांधावर उभ्या होत्या.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय आर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. त्याचा भात मऊ, चिकटसर आणि सुवासिक होतो. दात नसलेल्यांना किंवा गिळताना त्रास होणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. आसट शिजवून वर तूप-मेतकूट घातले की आजाऱ्याचे पथ्य आणि आवड दोन्ही साधते. मधुमेहींनी मात्र वाटी मोजून घ्यावी आणि सोबत वरण, पालेभाजी भरपूर घ्यावी. आम्ही रस्त्यालगत एका शेतकरी बाईंकडून पाच किलो घेतला. सासूबाईंनी मूठभर तांदूळ नाकाशी नेला. “गाडी इंद्रायणी, नदी इंद्रायणी, तांदूळही इंद्रायणीच”, त्या हसल्या.

चिक्कीही घेतली, अर्थात. गुळाची असली तरी ती साखर वाढवतेच, आणि कवळीला चिकटते. म्हणून घरी आल्यावर खलबत्त्यात कुटून तिचा चुरा केला. सासूबाई रोज एक चमचा दह्यावर घालून खातात.

निघण्यापूर्वी

ज्यांना आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसह असा एक थांबा घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही सूचना:

• निवास तळमजल्यावर किंवा उद्वाहक असलेला घ्यावा. कमोड, आधाराचा दांडा आणि न घसरणारी फरशी आहे का, हे फोनवर स्पष्ट विचारावे. घरातील रबरी चटई सोबत न्यावी.

• नव्या जागी रात्री उठताना पडण्याचा धोका अधिक असतो. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा चालू ठेवावा. उठल्यावर मिनिटभर काठावर बसावे, मगच उभे राहावे.

• सर्व औषधे दोन दिवस जादा घ्यावीत. ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. औषधांची यादी, आजारांची नावे आणि डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो वृद्धांच्या खिशात किंवा बटव्यात द्यावा.

• मधुमेहींसोबत साखर, ग्लुकोज आणि बिस्किटे असावीत. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसली आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

• चारचाकीने जात असाल तर दर तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालवावे. रात्री आणि धुक्यात घाट टाळावा.

• पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर व धबधब्यांच्या प्रवाहात कोणीही उतरू नये. तेथे पाण्याचा लोंढा अचानक वाढून माणसे वाहून गेली आहेत.

• शुश्रूषकानेही स्वतःसाठी दिवसातला एक तास राखून ठेवावा. थकलेला हात आधार देऊ शकत नाही.

उतरल्यावर

आम्ही ठाण्याला परतलो त्याला आता काही महिने झाले. सासूबाई रोज सकाळी इमारतीच्या खाली उतरतात, बाकावर बसतात, वीस मिनिटे चालतात. न्हाणीघरात दोन दांडे बसवले आहेत आणि फरशी मी अजूनही दोनदा पुसते. ती सवय जाणार नाही. परंतु काठीचा आवाज आला की आता मी जागेवरून उठत नाही. आवाज कोणत्या दिशेला चालला आहे, एवढे ऐकते.

परवा त्या म्हणाल्या, “तळेगावलाही कधी उतरलो नाही गं आपण.”

मी फिजिओथेरपिस्टने मागवलेला तो पाट पुन्हा भिंतीशी लावला आहे.